शाळेत पिल्ले वाढवून मांस कुठून येते हे शिकवावे का, आणि शेवट कोणी ठरवावा?

उंबरठा

नमस्कार. मी पाचवी ते सातवीच्या वर्गांना विज्ञान शिकवते. शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत गेली दोन वर्षे मुले भाजीपाला लावतात. यंदा शिक्षकांच्या बैठकीत मी असा प्रस्ताव मांडला, की त्याच जागेच्या कडेला एक लहान खुराडे बांधावे, ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या, कोंबड्यांची वीस पिल्ले आणावीत, मुलांनी ती सहा आठवडे वाढवावीत, खाद्य, पाणी आणि वजन यांची रोज नोंद ठेवावी आणि शेवटी ती पिल्ले ज्यासाठी उबवली गेली त्याच कामी जावीत. प्रस्ताव फारशी चर्चा न होता मान्य झाला आणि नेमकी त्याचीच मला धास्ती वाटते आहे. इतक्या सहज मान्य होण्यासारखी ही गोष्ट नव्हती.

हे डोक्यात कुठून आले ते सांगते. मागच्या सत्रात मी मुलांना वहीत दोन रकाने आखायला सांगितले होते, एक प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांचा आणि दुसरा वनस्पतींपासून मिळणाऱ्या पदार्थांचा. एका अकरा वर्षांच्या मुलाने चिकन नगेट वनस्पतींच्या रकान्यात लिहिले. का, असे विचारल्यावर तो म्हणाला, "कोंबडीला हाडे असतात, याला नसतात." शेजारची मुलगी म्हणाली, की अरे, नावातच चिकन आहे. त्यावर त्याने शांतपणे उत्तर दिले, की नाव काय, काहीही ठेवतात. त्याच्या तर्कात खोट काढणे मला त्या क्षणी जमले नाही. नंतर मी त्याला समजावून सांगितले, तेव्हा त्याने विचारले, "मग हा कोंबडीचा कुठला भाग?" तेही मला धड सांगता आले नाही.

अमेरिकेच्या आग्नेय भागातील ४ ते ७ वर्षांच्या १७६ मुलांचा एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला होता. त्यातील ४१ टक्के मुलांनी बेकन, म्हणजे डुकराचे खारवलेले मांस, वनस्पतीपासून येते असे सांगितले होते. माझा विद्यार्थी त्या मुलांपेक्षा निदान चार वर्षांनी मोठा आहे. वय वाढले की हे आपोआप कळते, ही माझी समजूत त्याने मोडीत काढली.

आता अडचण. इंग्लंडमधील केंट परगण्यात एका प्राथमिक शाळेने मार्कस नावाचे कोकरू मुलांच्या हातून बाटलीने दूध पाजून वाढवले. २००९ साली चौदा विद्यार्थ्यांच्या शाळा परिषदेने १३ विरुद्ध १ अशा मतांनी ते कत्तलखान्यात पाठवण्याचा निर्णय घेतला. मिळणाऱ्या पैशांतून डुकराची पिल्ले आणायचा बेत होता. पुढे जो गदारोळ झाला तो बहुतांशी मोठ्या माणसांचा होता. दूरचित्रवाणीवरच्या एका निवेदकाने कोकरू विकत घेऊन वाचवण्याची तयारी दाखवली, मुख्याध्यापिकांना धमक्या आल्या, आणि शेवटी कोकरू ठरल्याप्रमाणे गेलेच. हे सगळे वाचताना मला त्या एका विरोधी मताचाच विचार जास्त छळत राहिला. आपण एकटेच हरलो, हे त्या मुलाने कसे सोसले असेल?

तर माझे विचारणे असे, की अशा उपक्रमात शेवटचा निर्णय मुलांवर सोपवावा की आधीच आपण ठरवून टाकावा? पिल्लांना नावे ठेवू द्यावीत का? आणि ज्यांनी प्रत्यक्ष असे काही केले आहे, त्यांनी कृपया त्यातले बारकावे लिहावेत. "छान उपक्रम" किंवा "क्रूर उपक्रम" एवढेच नको.

खुडूक

उंबरठा, तुम्ही ब्रॉयलर विचार करून निवडलेत की पिल्ले सहज मिळतात म्हणून, हे आधी स्वतःशी स्पष्ट करा, कारण तुमच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे त्या जातीतच आहेत. मी पंधरा वर्षे कोंबड्या पाळतो, अंड्यांच्याही आणि मांसाच्याही.

अंड्यातून निघालेले ब्रॉयलरचे पिल्लू साधारण ४० ग्रॅमचे असते. सहा आठवड्यांत ते दोन ते अडीच किलोंचे होते. एक किलो वजन चढायला त्याला जेमतेम दीड ते पावणेदोन किलो खाद्य पुरते. मुलांनी रोज तराजूवर वजन घेऊन आलेख काढला, तर त्याची रेघ कशी चढते हे पाहूनच त्यांना बरेच काही कळेल. पण आलेखात न दिसणारी एक गोष्ट मी सांगतो. पस्तिसाव्या दिवशी हा पक्षी अंगाने पुरी कोंबडी दिसतो, मात्र तोंड उघडले की आवाज निघतो तो पिल्लाचा. चिवचिव. अंगावर काही ठिकाणी पिसे पुरती फुटलेली नसतात, छातीच्या भाराने तो खाद्याच्या भांड्याशेजारीच बसून राहतो आणि उठण्याऐवजी मान लांब करून दाणे टिपतो. नवखी माणसे मला विचारतात, ही आजारी आहे का? ती आजारी नसते. तिला माणसाने पिढ्यान् पिढ्या निवडून निवडून असे घडवले आहे.

आता मतदानाचे पाहा. समजा, तुमच्या मुलांनी ठरवले की पिल्लांना वाचवायचे. वाचवून ठेवणार कुठे आणि कसे? पोटभर खाद्य देत राहिलात, तर पुढच्या काही महिन्यांत त्यातली बरीच पायांनी अधू होतील, काही हृदय बंद पडून जातील. याच जातीच्या पैदाशीच्या कोंबड्यांना जगवायचे म्हणून मुद्दाम मोजून मापून, भुकेपेक्षा कमी खाद्य द्यावे लागते. म्हणजे "वाचवा" या बाजूला मत देणाऱ्या मुलाला आपण जे देऊ करतो ते मुळात आपल्यापाशी नसतेच. ज्या निवडीची एक बाजू पोकळ आहे, ती मुलांपुढे निवड म्हणून ठेवू नका, असे माझे स्पष्ट मत आहे.

गावरान किंवा सावकाश वाढणारी जात घेतलीत, तर हा प्रश्न राहत नाही. मात्र त्यांना चार-पाच महिने लागतात, त्यातले निम्मे नर असतात, आणि नर आरवायला लागले की शेजारी शाळेच्या फाटकात येऊन उभे राहतात. हा अनुभव आहे.

रिकामा गोठा

मी शिक्षक नाही, शेतकरीही नाही. ज्याला खोटे सांगितले गेले अशा मुलांपैकी मी एक आहे, म्हणून लिहितो.

आमच्या शाळेत मी नऊ वर्षांचा असताना दोन करडे आणली होती. पाळीपाळीने पाला घालायचा, पाणी भरायचे, लेंड्या झाडायच्या. त्यातल्या काळ्या करडाच्या डोक्यावर शिंगांच्या जागी दोन टणक गाठी आल्या होत्या आणि त्यांना खाज सुटली की ते माझ्या गुडघ्यावर डोके घासायचे. माझ्या चड्डीला कायम त्याचा वास यायचा, त्यावरून घरी बोलणी बसायची. मोठ्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा गोठा रिकामा होता, फरशी धुतलेली होती आणि दावी गुंडाळून खुंटीला अडकवलेली होती. बाईंनी सांगितले, की करडे आता मोठी झाली, त्यांना एका मोठ्या शेतावर पाठवले, तिथे त्यांना मोकळे हिंडता येते.

मी त्या शेताची चित्रे काढायचो. दोन वर्षे. चित्रात एक विहीर असायची आणि काळे करडू विहिरीच्या काठावर चढलेले असायचे, कारण ते कशावरही चढायचे. बाई ती चित्रे वर्गात भिंतीवर लावायच्या. पुढे शाळेच्या शिपायाच्या मुलाने मला सहज बोलता बोलता सांगितले, की करडे त्याच सुट्टीत कापली आणि शिक्षकांनी मटण वाटून घेतले. सगळ्या शाळेला माहीत होते, असेही तो म्हणाला.

करडांचे मरण मी त्या वयात पचवले असते की नाही, हे आज सांगता येणार नाही. पण बाई ती चित्रे भिंतीवर टाचण्या टोचून लावताना काय विचार करत असतील, हा प्रश्न मला चाळिशीतही पडतो. तुम्ही पिल्ले पाळा किंवा पाळू नका. पाळलीत, तर पहिल्या दिवशी, पिल्लांची खोकी उघडण्याच्या आधी, शेवट सांगा.

पाणवठा

रिकामा गोठा, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आले नाही.

निर्णय कोणाचा, यावर जपानमधले एक उदाहरण इथे यायलाच हवे. ओसाका प्रांतातील एका प्राथमिक शाळेत १९९० साली एका तरुण शिक्षकाने आपल्या चौथीच्या वर्गात डुकराचे पिल्लू आणले. वाढवायचे आणि मग खायचे, असा मूळ बेत होता. बत्तीस मुलांच्या त्या वर्गाने त्याला "पी-चान" असे नाव दिले, त्याच्यासाठी घर बांधले, उरलेसुरले अन्न आणून घातले, मैदानात त्याच्याबरोबर खेळ केले. खाण्याचा बेत केव्हाच मागे पडला. सहावी संपून मुले शाळा सोडणार, तोवर सुमारे ९०० दिवस झाले होते आणि पी-चान अवाढव्य झाला होता. त्याला खालच्या वर्गाकडे सोपवावे की मांस केंद्रात, म्हणजे कत्तलखान्यात, पाठवावे, यावर वर्गात चर्चांमागून चर्चा झाल्या, मुले रडली, मते दुभंगली आणि अखेर निर्णय शिक्षकालाच घ्यावा लागला. पी-चान मांस केंद्रात गेला. यावर दूरचित्रवाणीने माहितीपट केला, २००८ साली चित्रपटही निघाला, आणि त्या शिक्षकाने योग्य केले की अयोग्य, हा वाद अजून मिटलेला नाही.

मला स्वतःला त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी दिसतात. त्या मुलांनी जी चर्चा केली ती विलक्षण होती, अकरा-बारा वर्षांची मुले "मारणे आणि सोडून देणे यांत जबाबदारीचे काय" यावर बोलत होती. आणि तरीही तो निर्णय त्यांच्यापुढे यावा अशी वेळ आणणे ही शिक्षकाची चूक होती. डुक्कर साधारण सहा महिन्यांत १०० किलोंच्या पुढे जाते आणि मांसासाठी पाळलेले डुक्कर त्याच सुमारास विकतात. अडीच वर्षे वाढू दिल्यावर ते ना खाण्याचे राहिले होते, ना शाळेत ठेवण्याजोगे. दिवस ठरवला नव्हता म्हणून प्रेमाला हवी तेवढी मुदत मिळाली, आणि त्या प्रेमाची किंमत मुलांनी मोजली. उंबरठा, तुमचे सहा आठवडे या दृष्टीने मला फार शहाणपणाचे वाटतात.

कोवळे ऊन

मी एक पालक आहे आणि मांस खात नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचे वाचताना गैरसमज नको.

या चर्चेत सगळ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे, की मांस कुठून येते हे कळायला एक प्राणी मुलांच्या हातून वाढवून मारणे आवश्यक आहे. कोळसा कुठून येतो हे शिकवायला आपण मुलांना खाणीत उतरवत नाही. ज्या मुलाने नगेट चुकीच्या रकान्यात लिहिले, त्याची चूक एका चित्राने आणि पाच मिनिटांच्या प्रामाणिक बोलण्याने दुरुस्त होण्यासारखी होती, आणि ती तशी झालीही. वीस जीव मध्ये आणायचे असतील, तर त्यातून असे काय मिळणार आहे जे अन्यथा मिळणार नाही, हे आधी सिद्ध व्हायला हवे.

दुसरे असे, की वर्गात माझ्या मुलीसारखी मुले असतील. तिला रोज पाणी घालायला आवडेल, आणि बेचाळिसाव्या दिवशी तिने काय करायचे? भाग न घेण्याची मुभा आहे, असे शाळा म्हणेल. पण मुलांच्या जगात बाजूला बसणे म्हणजे काय असते, हे आपण सगळे जाणतो.

खुडूक

कोवळे ऊन, तुमचा दुसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पहिल्याबद्दल मात्र थोडे बोलतो.

मांस खाल्ले नाही म्हणजे हा हिशेब आपल्याला लागू होत नाही, असे मुलांना वाटू देऊ नये. अंड्यासाठी पाळायच्या जातीची जेवढी मादी पिल्ले निघतात, साधारण तेवढीच नर पिल्ले निघतात. ती अंडी देत नाहीत आणि त्यांच्या अंगावर परवडण्याइतके मांसही चढत नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी ती पहिल्याच दिवशी मारली जातात. एकट्या जर्मनीत अशी वर्षाला सुमारे साडेचार कोटी पिल्ले मारली जात होती. १ जानेवारी २०२२ पासून तिथे कायद्याने बंदी आली आणि अंड्यातच लिंग ओळखण्याची यंत्रे वापरात आली. दुधाचेही तसेच, गाय व्यायल्याशिवाय दूध नाही, आणि जन्मणारे निम्मे वासरू नर. अंड्याच्या कोंबड्यांचा उपक्रम "अहिंसक" म्हणून शाळा करतात, तेव्हा मला हसू येते. त्या उपक्रमातले मारणे उबवणी केंद्रातच उरकलेले असते, एवढाच फरक.

कोवळे ऊन

हे मला माहीत नव्हते असे नाही, पण मुलीला मी ते सांगितलेले नाही, हे कबूल करते. विचार करते.

(आणि "निम्मे वासरू नर" हे वाचून माझ्या डोळ्यांपुढे भलतेच चित्र आले.)

नोंदवही

शेतीच्या शाळाबाह्य शिक्षणाचा एक जुना आणि मोठा प्रयोग अमेरिकेत चालतो, त्याबद्दल लिहितो. तिथली "फोर-एच" ही चळवळ १९०२ साली ओहायोमध्ये सुरू झालेल्या मुलांच्या शेती मंडळांपासून आपली सुरुवात मानते. आजही तिथे हजारो मुले दरवर्षी एखादे कोकरू, करडू, डुक्कर किंवा गोऱ्हा घेतात, काही महिने स्वतः वाढवतात, खाद्याचा, औषधांचा आणि वजनाचा हिशेब ठेवतात, जत्रेत प्राण्याला रिंगणात फिरवतात आणि लिलावात विकतात. अशा बहुतेक लिलावांत विकलेला प्राणी थेट कत्तलीला जातो. परत घरी नेता येत नाही. हे नियम आधी लिहून दिलेले असतात, कुटुंबाची सही असते.

मला या पद्धतीतले जे आवडते ते नोंदवहीत आहे. बारा वर्षांचे मूल जेव्हा स्वतःच्या हस्ताक्षरात "आज खाद्य कमी खाल्ले, डाव्या मागच्या पायाला सूज" असे लिहिते, तेव्हा त्याने प्राण्याकडे खरोखर पाहिलेले असते. लाड करणारे मूल पायाची सूज पाहीलच असे नाही. काळजी घेणे आणि लळा लागणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली शिकवता येते.

पण नियम आधी लिहून घेतले की प्रश्न सुटला, असेही समजू नका. २०२२ साली कॅलिफोर्नियातील एका जिल्हा जत्रेत सिडार नावाच्या बोकडाचा लिलाव झाला. वाढवणाऱ्या लहान मुलीचे मन ऐनवेळी बदलले आणि तिच्या आईने जत्रेचे नुकसान भरून देण्याची तयारी दाखवून बोकड दूर एका शेतावर नेऊन ठेवला. बोकडाची बोली ९०२ डॉलरची होती आणि जत्रेचा त्यातला वाटा ६३ डॉलरच्या आसपास होता. तरीही पोलीस शेकडो मैल गाडी चालवून गेले, बोकड घेऊन आले आणि तो कापला गेला. खटला उभा राहिला. २०२४ साली तडजोडीत ३ लाख डॉलर द्यायचे ठरले. मुलांना करार पाळायला शिकवायचे म्हणून मोठी माणसे हटून बसली होती. नऊ-दहा वर्षांच्या मुलाने सहा महिन्यांपूर्वी केलेल्या सहीला किती किंमत द्यायची, याचे तारतम्य कोणत्याही नियमावलीत नसते. म्हणून उंबरठा, माझी सूचना अशी, की मुलांकडून संमतीची सही घेऊच नका. सही शिक्षकांची आणि पालकांची असू द्या.

खूर आणि पंख

मी पशुवैद्यक आहे. चर्चा मनाच्या बाजूने बरीच झाली, थोडी हात धुण्याच्या बाजूनेही व्हावी.

निरोगी दिसणाऱ्या पिल्लांच्या विष्ठेतही साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जिवाणू असू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांनी जिवंत कोंबड्या-पिल्ले हाताळू नयेत, हा सर्वसाधारण सल्ला आहे. तुमची मुले मोठी आहेत, पण त्यांची धाकटी भावंडे शाळा सुटताना खुराड्यापाशी येणार, हे लक्षात ठेवा. पिल्लांना ओठ लावायचे नाहीत, खुराड्याजवळ डबा उघडायचा नाही, खुराड्याचे बूट वेगळे, आणि साबणाने हात. नुसते जंतुनाशक द्रव चोळणे पुरत नाही, कारण मळलेल्या हातांवर ते नीट काम करत नाही. शेळ्या-वासरांच्या बाबतीत तर जास्तच जपावे लागते. इंग्लंडच्या सरे परगण्यात २००९ साली मुलांना प्राणी हाताळू देणाऱ्या एका शेतामुळे ई. कोलाय ओ१५७ या जिवाणूची साथ पसरली आणि ९३ जण आजारी पडले, त्यांत बहुतेक लहान मुले होती. काहींच्या मूत्रपिंडांवर परिणाम झाला.

औषधांबद्दल एक शिकवण्यासारखी गोष्ट आहे. पक्षी आजारी पडला आणि प्रतिजैविक दिले, तर ठरावीक दिवस उलटेपर्यंत त्याचे मांस खाण्यासाठी वापरता येत नाही. हे दिवस औषधाच्या वेष्टनावर छापलेले असतात. मुलांना ते वाचायला लावा, दिनदर्शिकेवर खुणा करायला लावा. "मांस कुठून येते" याच्या उत्तराचा हा एक भाग आहे आणि तो कुणीच शिकवत नाही.

आणि मुलांनी कत्तल पाहावी का? माझे उत्तर, या वयात आणि शाळेच्या उपक्रमाचा भाग म्हणून, नाही. कारण भावनिक आहे तसे व्यावसायिकही आहे. पक्षी शांत राहावा, आधी नीट बेशुद्ध व्हावा आणि शुद्धीवर येण्याआधी रक्तस्रावाने मरावा, यासाठी काम करणाऱ्याचे पूर्ण लक्ष हातातल्या पक्ष्यावर हवे. भोवती तीस मुले उभी असतील, कुणी किंचाळले, कुणी रडले, तर पक्षी बिथरतो आणि माणूसही घाई करतो. त्याचा त्रास पक्ष्यालाच होतो. पण काय होते हे शब्दांत विचारले, तर शब्दांत खरे सांगा. मेलेला प्राणी पुन्हा जिवंत होत नाही आणि त्याचे शरीर काम करायचे थांबते, एवढी समज बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या सुमारास येते. तुमच्या वर्गाला ते कळते. "झोपवले" वगैरे म्हणू नका. त्याने मुलांच्या मनात झोपेचीच भीती बसते.

तिसरी घंटा

वरच्या मताला छोटीशी पुस्ती. कोपनहेगनच्या प्राणिसंग्रहालयात फेब्रुवारी २०१४ मध्ये मारियस नावाचा दीड वर्षाचा जिराफ पैदाशीच्या नियोजनात बसत नाही म्हणून मारला आणि लोकांसमोर, त्यांत लहान मुलेही होती, त्याचे विच्छेदन केले. जगभर निषेध झाला. मारणे चूक की बरोबर, हा वाद बाजूला ठेवू. पण पुढच्या रांगेतली ती मुले पाय उंचावून काळजाचा आकार बघत होती. मारताना पाहणे आणि मारल्यानंतर पाहणे यांत फार अंतर आहे. ज्या मुलाने "हा कोंबडीचा कुठला भाग" विचारले, त्याच्यापुढे साफ केलेली एक अख्खी कोंबडी ठेवा आणि सांधा कुठे वाकतो, स्नायू हाडाला कुठे चिकटतो, हे त्यालाच शोधू द्या. यासाठी पिल्ले पाळावीही लागणार नाहीत.

उंबरठा

सर्वांचे आभार. तीन दिवसांत या धाग्यावरून जे मिळाले ते बैठकीत मिळाले नव्हते.

काल वर्गात बोलले. रिकामा गोठा, तुमची गोष्ट नाव-गाव न सांगता, चित्रांसकट सांगितली. वर्गात एवढी शांतता मी क्वचित पाहिली आहे. मग मी फळ्यावर बेचाळीस चौकटी आखल्या आणि शेवटच्या चौकटीत "कत्तल" असे लिहिले. तो शब्द लिहिताना हात अडखळला, हेही प्रामाणिकपणे सांगते. आधी "पाठवणी" असे लिहिणार होते. मुलांना सांगितले, की हा दिवस शिक्षकांनी ठरवला आहे, त्यावर मतदान होणार नाही, तुम्हाला राग आला तर तो आमच्यावर धरायचा. एका मुलीने लगेच विचारले, "म्हणजे आमचा दोष नसणार?" मी हो म्हटले. तिने पेन्सिलीने वहीत काहीतरी लिहून घेतले. काय, ते विचारले नाही.

नावांबद्दल वर्गातच वाद झाला आणि तो मी होऊ दिला. शेवटी पायात रंगीत कड्या घालायच्या आणि कड्यांवर क्रमांक घालायचे, असे ठरले. नावे ठेवायला मनाई नाही, पण नोंदवहीत क्रमांकच लिहायचे. सात क्रमांकाला "सातोबा" म्हणायचे असे मागच्या बाकावर पिल्ले येण्याआधीच ठरले आहे, तर ते आता आपल्या हातात नाही.

कोवळे ऊन, तुमच्या मुद्द्यामुळे योजना बदलली. वर्गाचे दोन गट न करता दोन कामे केली आहेत. खुराडे सगळ्यांचे. बेचाळिसाव्या दिवशी मात्र शाळेत काहीही शिजवायचे नाही, वाटायचे नाही. मांस एका सार्वजनिक भोजनगृहाला द्यायचे ठरले आहे, ते तिथे जाते हे मुलांना कळेल, पण कुणाच्या ताटात घालून "खा किंवा खाऊ नको" असा प्रसंग येणार नाही. अख्ख्या कोंबडीचे विच्छेदन तिसरी घंटा यांनी सुचवल्याप्रमाणे वेगळ्या दिवशी, ऐच्छिक, आणि आमच्या वीसांपैकी नसलेल्या कोंबडीवर. हा शेवटचा तपशील मुलांनी मागितला. वीसांतले एकही पिल्लू कमी झाले तर खूर आणि पंख यांना आधी कळवीन. साबण आणि वेगळे बूट यांची यादी फाटकावर लावली आहे.

पिल्ले सोमवारी येत आहेत. खुडूक, खोक्यात दिवा किती उंचीवर टांगायचा?

खुडूक

उंची मोजू नका, पिल्लांकडे बघा. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या पातळीवर ३२ ते ३५ अंश सेल्सियस हवे आणि पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी उतरवत न्यायचे. पण तापमापकापेक्षा पिल्ले खरे सांगतात. दिव्याखाली एकमेकांवर चढून गोळा झाली, तर त्यांना थंडी वाजते आहे. दिवा थोडा खाली घ्या. चोची उघड्या टाकून कडेला पळाली, तर उकडते आहे, वर घ्या. सगळीकडे पसरून काही खात, काही झोपत असली, तर ठीक आहे. खाली भुशाची गादी दोन-तीन इंच घाला, आणि पहिला दिवस वर कागद अंथरून त्यावर थोडे खाद्य पसरा, नाहीतर पिल्ले भुसाच टिपतात. खोक्यातून काढताना प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवायची, म्हणजे पाणी कुठे आहे ते त्यांना कळते. हे काम मुलांना द्या, वीस पिल्ले, वीस मुले.

आणि रविवारी रात्रीच दिवा लावून ठेवा. खोके थंड असताना पिल्ले आत सोडायची नाहीत.